पेरूच्या फांदीला बांधलेली वेणी

कूलरची घरघर आधी कानात असते, मग उशीत उतरते, मग नेमकी कुठे जाते ते कळेनासं होतं. भर दुपार आहे. खिडकीबाहेर खानदेशातलं एप्रिलचं ऊन पांढरंफटक पडलं आहे आणि आत कुंदा डोळे मिटून पडली आहे. झोपलेली नाही, असं तिचं स्वतःचं मत आहे. एक हात पलंगावरून खाली लोंबतो आहे आणि त्या हाताची बोटं पलंगाला टेकवून उभ्या केलेल्या गोल्फच्या बॅगेशी, खरं तर बॅगेतल्या स्टिकांभोवती आवळलेल्या सुतळीशी, अजून चाळा करताहेत.

ही सुतळी अप्पांनी बांधलेली. अप्पा म्हणजे तिचे वडील, वामन भंगाळे, इथल्या कारखान्याच्या टूलरूमचे निवृत्त प्रमुख. थंडीत वारले. इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते नेहमीसारखे खेळून आले, एकेक स्टिक फडक्यानं पुसली, आणि टूलरूममध्ये ड्रिलची जुडी बांधतात तशी सगळ्यांची जुडी बांधून वर एक गाठ मारली. ती गाठ आता कुणालाच सुटत नाही. आईनं सकाळपासून दोनदा विचारलं, विळीवर धरू का. कुंदानं धरू दिली नाही. अप्पांच्या हातची शेवटची गाठ, ती विळीवर कापायची म्हणजे काय? पण सुटायचं नावही नाही. नखांनी ओढून झालं, दातांनी ओढून झालं, सेफ्टीपिन घालून झाली. ओढावी तशी ती जास्तच आवळते. माणूस गेला तरी हेका मागे ठेवून गेला, असं तिच्या मनात येतं, आणि असं मनात आलं याचाही तिला वैताग येतो.

आणि पाच वाजता तर मैदानावर जायचं आहे.

कारखान्याच्या वसाहतीला लागून बाभळी आणि कडुनिंबांच्या मधोमध एक लहानसं गोल्फचं मैदान आहे. तिथल्या वार्षिक सामन्यांचा पहिला चेंडू कित्येक वर्षं अप्पाच मारत. यंदा अप्पांचे जुने सोबती सिकंदर तडवी यांचा फोन आला. कुंदा त्यांना लहानपणापासून तडवीकाका म्हणते. शोकसभा वगैरे आपल्याला जमायची नाही, काका म्हणाले, तू आपली त्याच्या स्टिकनं एक चेंडू मार, म्हणजे झालं. फोनवर नाही म्हणणं तिला कधीच जमलं नाही, त्यामुळे ती हो म्हणाली. पंधराव्या वर्षी स्टिक खाली ठेवली ती तिनं पुन्हा उचलली नव्हती, हे काकांना ठाऊक होतं. का ठेवली, हे मात्र ठाऊक नव्हतं. ते फक्त अप्पांना ठाऊक असायला हवं होतं, आणि अप्पांनी तो विषय कधी काढला नाही.

गेला आठवडाभर ती माहेरच्या व्हरांड्यात अप्पांच्या लांब छत्रीनं सराव करते आहे. छत्री मागे नेली की डोक्यात अप्पांचा आवाज सुरू होतो. मान खाली. डावं कोपर ताठ. उजवं कोपर बरगडीला. गुडघे किंचित, किंचित म्हटलं ना. मनगट आत्ता नाही. आत्ताही नाही. आता. तोवर छत्री डोक्यावर कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडकलेली असते. कुंदा नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, काही अडलं की पुस्तक काढायची तिची सवय. तिनं पुस्तकंही काढली. त्यांनी तिचं उरलंसुरलं अंगही आखडून टाकलं.

तर अशी ती पडली आहे. चिडलेली, घामेजलेली, झोप न लागलेली. आणि कूलरच्या घरघरीला हळूहळू ठेका येतो आहे. सावकाश पुढे, झटकन मागे. सावकाश पुढे, झटकन मागे.

हा कूलर नव्हे. हा शेपर आहे.

शेपर म्हणजे लोखंड तासायचं यंत्र. त्याचा दांडा कातत कातत सावकाश पुढे जातो आणि मोकळाच झटकन मागे येतो. कुंदा त्याच्यापासून चार हातांवर अनवाणी उभी आहे, आणि पायांखाली लोखंडाच्या कुरळ्या, निळसर साली पसरल्या आहेत. टूलरूमला छप्पर आहे पण भिंती कुठे संपतात ते दिसत नाही. बाकावर अप्पा बसले आहेत. खाकी शर्ट, खिशाला पेन, चष्म्याच्या काडीला तांब्याची तार. हातात मायक्रोमीटर, आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात एक पेरू.

कुंदाला आश्चर्य वाटत नाही. आधी वाटतो तो वैताग. गेलेला माणूस दिसला तर काय काय होतं ते तिनं पुष्कळ वाचलं आहे. तसलं काहीच होत नाही.

"चप्पल घाल," अप्पा पेरूवरून नजर न काढता म्हणतात. "खाली चुरा आहे."

"अप्पा, ती गाठ कशी सोडायची?"

"कुठली?"

"तुम्ही बांधलेली."

"मी पुष्कळ बांधल्या."

पेरू दोन थाऊनं जास्त भरतो आहे, ते सांगतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. घरात अप्पा पोळीची जाडीसुद्धा थाऊत सांगत, आणि आई म्हणे की मग करा की यंत्रावर. पेरूला कशाला माप हवं, असं कुंदा विचारते. ते पेरू एका लोखंडी पकडीत बसवून चारही बाजूंनी स्क्रू आवळतात. या पकडीला टूलरूममध्ये फिक्श्चर म्हणतात. ज्या वस्तूवर काम करायचं तिला म्हणायचं जॉब, आणि जॉब हलू नये म्हणून त्याच्या मापाचं फिक्श्चर. अप्पांची फिक्श्चरं बघायला बाहेरगावच्या कारखान्यांतून माणसं येत. कुंदाला हे सगळं दहाव्या वर्षीच माहीत होतं. शाळेतल्या दुसऱ्या कुणाही मुलीला माहीत नव्हतं, आणि त्याचा उपयोग आजतागायत झालेला नाही.

"उभी राहा," अप्पा म्हणतात.

"उभीच आहे."

"नीट."

आणि तिला स्वतःचा राग येतो, कारण तिचे पाय आपोआप खांद्यांइतके फाकतात, गुडघे किंचित वाकतात, हनुवटी खाली जाते. पन्नाशी उलटलेली बाई, दोन मुलांची आई, आणि वडिलांनी नीट म्हटलं की पाय ऐकतात. डोकं हलवून ती म्हणणार असते की हे बस झालं आता. पण डोकं हलत नाही. मागून ताण बसतो.

पायांखालच्या लोखंडी साली वाळलेली पानं झाल्या आहेत. हे क्वार्टरमागचं अंगण. कपडे वाळत घालायची तार, धुण्याचा दगड, पेरूचं झाड. पेरूच्या फांदीवरून एक सुतळी खाली आली आहे आणि ती कुंदाच्या वेणीला बांधली आहे.

ही गोष्ट स्वप्नातली नाही. ती खरीच घडलेली आहे.

अप्पा स्वतः गोल्फ शिकले ते चाळिशीला आल्यावर. साहेबलोक खेळतात म्हणून शिकले आणि मग त्यांना त्याचा नादच लागला. शिकले मात्र पुस्तकातून. एका जाड पुस्तकातल्या आकृत्या त्यांनी टूलरूमच्या ड्रॉइंगच्या कागदावर मोठ्या करून काढल्या, कोन मोजले आणि त्या कोनांत स्वतःला बसवलं. त्यांचा चेंडू सरळ जाई, लांब कधी जात नसे. सावकाश मागे, सावकाश वर, आणि मग खट्. क्लबात त्या स्विंगला, स्टिक फिरवण्याच्या त्या तऱ्हेला, सगळे शेपर म्हणत. आज शेपरला तेल पाजलं नाही वाटतं, असं तडवीकाका हमखास म्हणायचे, आणि अप्पाही हसायचे. यंत्राची उपमा त्यांना कधी लागली नाही.

कुंदा आठ वर्षांची असताना एका संध्याकाळी तिनं त्यांची एक स्टिक अर्ध्यावर धरून उचलली आणि अशीच फिरवली. चेंडू कडुनिंबाच्या शेंड्यावरून पलीकडे गेला. खेळणारी माणसं थांबली. तडवीकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अप्पा मात्र चेंडू गेला त्या दिशेला बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी टूलरूममध्ये एक जुनी स्टिक तिच्या उंचीची कापून आणली, मुठीवर सायकलची टेप गुंडाळली आणि तिला सुधारायला घेतलं. काखेत लॉग टेबलचं पुस्तक, ते खाली पडलं की कोपर सुटलं. दोन पायांत आखलेली खडूची रेघ. आणि मान वर होते म्हणून वेणीला सुतळी, सुतळी पेरूच्या फांदीला. मान उचलली की वेणीला हिसका. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत. आई एकदा बाहेर येऊन म्हणाली की तिला शेंडी बांधून अभ्यासाला बसवलेल्या बटूसारखी कशाला टांगताय, पोर आहे ती. अप्पा म्हणाले, फक्त मान स्थिर होईपर्यंत.

मान स्थिर झाली. कोपरही झालं. सगळं जागच्या जागी बसलं आणि त्या कडुनिंबावरून पुन्हा कधी चेंडू गेला नाही.

"दुखायचं, अप्पा," कुंदा आता म्हणते. खाली बघूनच म्हणते, कारण मान वर होत नाही. तिला त्यांच्या चपला तेवढ्या दिसतात.

"दुखावं म्हणूनच बांधली होती. नाहीतर तुला कळणार कसं?"

"काय कळायचं होतं?"

"की डोकं हललं."

"आणि हललं तर काय बिघडत होतं? चेंडू जात होता की."

"जात होता," अप्पा म्हणतात, "पण कोन चुकीचा होता."

असं ते आयुष्यभर बोलले. लग्नाला उभी राहिली तेव्हा म्हणाले की हार घालताना डावा खांदा पडतो तुझा. पहिलं बाळ मांडीवर घेतलं तेव्हा म्हणाले, कोपराखाली उशी घे, नाहीतर भार मनगटावर येतो. बरोबरच असायचं त्यांचं, तीच तर पंचाईत. चूक असतं तर भांडता आलं असतं. गेली चाळीस वर्षं कुंदाला त्यांच्याकडून एक शब्द हवा आहे. इस्पितळात त्यांच्या उशाशी बसलेली असतानाही ती त्याचीच वाट बघत होती. ते शेवटचं बोलले ते सलाईनच्या स्टँडबद्दल, की तो ओळंब्यात नाही.

"अप्पा, एकदा म्हणा, चुकलं."

"कशाचं?"

"माझ्या स्विंगचं. तुम्ही बिघडवलात तो."

चपला दूर जातात. फळी ओढल्याचा आवाज येतो. कुंदा तेवढी नजर तिरपी करते. अंगण नाही. इस्पितळाचा लांबच लांब कॉरिडॉर आहे, दोन्ही बाजूंना हिरवे पडदे, आणि जमिनीवर फरशीऐवजी काळी वाळू. तिचा वास ती कुठेही ओळखेल. इथल्या मैदानावर गवत तग धरत नाही. म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूत जळकं तेल कालवून एक गोल थापतात, त्याला ब्राऊन म्हणतात. आणि ब्राऊनचा एक नियम आहे. आपलं खेळून झालं की लांब दांड्याची फळी घेऊन मागे मागे चालत तो सपाट करून ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला आपली पावलं दिसणार नाहीत. अप्पांइतक्या काटेकोरपणे हा नियम कुणी पाळत नसे. आत्ताही ते पाठमोरे, फळी ओढत, कॉरिडॉरमधून मागे मागे येताहेत. जिथून ते चालत आले तिथे एकही पाऊल उरलेलं नाही.

कुंदाला ते बघवत नाही, ती वैतागच धरून ठेवते. वैताग ओळखीचा आहे, त्याला धरून उभं राहता येतं.

"मी रोज वेणी घालते," ती म्हणते.

अप्पा थांबतात.

"पाठीमागे हात नेऊन. न बघता. कुठलं बोट कधी कुठे जातं ते मला ठाऊक नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर त्या दिवशी माझी वेणी होणार नाही. तरी रोज होते. घरातल्या सगळ्या बायकांची होते. त्यासाठी कुणी आम्हाला झाडाला बांधलं नव्हतं."

अप्पांना हा मुद्दा मनोरंजक वाटतो. तिला तेही नको असतं. तिनं भांडण काढलं आहे आणि ते प्रमेय ऐकल्यासारखे मान डोलावताहेत. फळी भिंतीला लावून ते वाळूत उकिडवे बसतात, खिशातलं पेन काढतात आणि सपाट केलेल्या वाळूवर तीन उभ्या रेघा ओढतात.

"हे तीन पेड. बरोबर?"

"बरोबर."

"डावा मधल्यावरून. आता उजवा. मग मधला कुठे गेला?"

"गेला असेल कुठेतरी."

"असं कसं? मधला म्हणजे आता कोणता, आधीचा की हा?"

"अप्पा, मला माहीत नाही. घालताना माहीत असतं."

ते पुसतात, पुन्हा काढतात. बाण काढतात, बाणांना आकडे देतात. रेघांवर रेघा चढतात, वाळूत एक मोठं जाळं होतं आणि त्यात वेणीसारखं काही दिसत नाही. एक नर्स औषधांची गाडी ढकलत येते, ड्रॉइंगला वळसा घालून जाते. अप्पा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसतात. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार लहान दिसतो. इस्पितळातही तसाच दिसायचा, तेव्हा तिला तो नीट बघवला नव्हता. आता ती बघते.

"तो चेंडू," अप्पा म्हणतात.

"कुठला?"

"कडुनिंबावरून गेलेला. त्या दिवशी घरी येऊन मी तो कागदावर काढायला बसलो होतो. तुझे पाय कुठे, हात कुठे, कधी वळलीस. तुझी आई जेवायला हाका मारत होती. निघेना मला. असंच होत होतं." ते वाळूकडे बोट दाखवतात.

"मग?"

"ज्याचं ड्रॉइंग नाही तो पार्ट एकदाच होतो, कुंदे. दुसरा करता येत नाही. हरवला की गेला. इतकी सुंदर गोष्ट, आणि मला दिसत होतं की ती कशावरच उभी नाही. आज आहे, उद्या नसेल. मला ती पक्की करून ठेवायची होती."

"आणि मग ती गेली."

"हं."

एवढंच. हं. कुंदाला ओरडावंसं वाटतं. चाळीस वर्षं तिला वाटत आलं की त्यांना तो चेंडू दिसलाच नाही, त्यांना फक्त कोन दिसले. त्यांना तो दिसला होता. जेवायचं सोडून ते त्याच्यापुढे बसले होते. हे सांगायला माणसानं मरावं लागतं का, असं तिला विचारायचं असतं. तोंडातून निघतं ते वेगळंच.

"मला विचारायचं होतंत."

"आठ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"काहीही. कसं वाटलं ते तरी."

अप्पा चष्मा डोळ्यांवर चढवतात, तार कानामागे नीट बसवतात. आणि मग अवघडून, ज्याला असले प्रश्न विचारायची सवय नाही अशा माणसाच्या कोरड्या आवाजात विचारतात, "कसं वाटलं होतं?"

उत्तर तिच्याजवळ इतकी वर्षं पडून आहे, पण ते कुणी मागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"विहिरीत बादली सोडली की दोर हातातून कसा जातो," ती म्हणते, "आपण सोडत नाही, नुसतं जाऊ देतो, तसं. चेंडू लागला तेही कळलं नाही मला. तो झाडावरून गेला तेव्हा कळलं की मारला मी."

"हातांना काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मला कधीच नाही झालं तसं," अप्पा म्हणतात. "इतकी वर्षं खेळलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नसते. एखादं माप सांगावं तसं सांगतात. आणि तिला पहिल्यांदाच जाणवतं की शेपर म्हटल्यावर ते हसायचे ते लागत नव्हतं म्हणून नव्हे.

कॉरिडॉर आता मैदानाला लागला आहे, की पहिल्यापासून मैदानच होतं. पहिला चेंडू मारायची जागा. पेरूचं झाडही इथेच आलं आहे आणि ते इथे का, असं कुणी विचारत नाही. कुंदाची वेणी अजून फांदीला आहे. लांब कडेला माणसं उभी असावीत, त्यांचे पांढरे कपडे उन्हात हलताहेत, आणि त्यांतल्या एकानं टोपी हातात घेतली आहे. अप्पा तिच्यामागे येऊन उभे राहतात. त्यांच्या शर्टाला तेलाचा वास आहे. वेणीच्या टोकाशी त्यांची बोटं लागतात.

"तू ओढत बसलीस," ते मागून म्हणतात. "सकाळपासून."

"सुटत नव्हती तर काय करू?"

"ओढतेस म्हणून आवळते. दोर आत ढकल. त्याला जागा दे, तोच सैल होतो."

"हे तुम्ही मला सांगताय?"

सुतळी सरकल्याचा बारीक खरखरीत आवाज येतो. केसांना हिसका बसत नाही. आणि मग, गाठीकडेच लक्ष असल्यासारखं, टूलरूममधल्या पोरांपुढे बोलायचे त्याच सपाट आवाजात अप्पा म्हणतात,

"जॉब चांगला होता. फिक्श्चर मी चुकीचं केलं."

कुंदा मागे बघायला वळते.

"काय म्हणालात?"

"मान खाली."

"अप्पा, पुन्हा म्हणा."

"मान खाली म्हटलं. समोर चेंडू आहे, माझ्याकडे काय बघतेस?"

हा माणूस. म्हणजे हा माणूसच. ती इतकी वैतागते की तिला हसू फुटतं, आणि हसल्यावर खांदे आपोआप खाली पडतात. हातात काय आहे ते ती बघते तर तीच आखूड कापलेली स्टिक, सायकलची टेप गुंडाळलेली, आठ वर्षांच्या मुठीची. या मुठीत तिची मूठ मावणार नाही. मावते. मागचा ताण गेला आहे. काखेत काही नाही. डोक्यात कुणी बोलत नाही, कारण बोलणारा मागे उभा आहे आणि त्याचे दोन्ही हात सुतळीत गुंतले आहेत.

ती स्टिक मागे नेते की स्टिकच मागे जाते. दोर हातातून जावा तसं काहीतरी जातं.

टक्.

आणि कुंदा, जे करायला तिला सात वर्षं मनाई होती ते करते. मान वर उचलते, चेंडू कुठे गेला ते बघायला. वेणीला हिसका बसत नाही. वर सगळं पांढरं आहे.

पांढरं छत. फिरणारा पंखा. कूलर.

तो टक् अजून खोलीत आहे. बॅगेतल्या स्टिका एकमेकींवर आपटून सैल पसरल्या आहेत आणि त्यांतली एक अजून हलते आहे. कुंदा उठून बसते. लोंबता हात मुंग्या येऊन जड झाला आहे. तो ती मांडीवर घेते आणि मूठ उघडते. मुठीत सुतळी आहे. तिला गाठ नाही. पण गाठ जिथे होती तिथली वळणं सुतळीनं तशीच धरून ठेवली आहेत, आणि कुंदाच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं जळक्या तेलानं काळी झाली आहेत.

आई चहाचा कप घेऊन दारात आली आहे.

"सुटली?" आई म्हणते. "कशी सोडलीस गं?"

कुंदा सांगायला तोंड उघडते. ओढायची नाही, ती म्हणणार असते, आत ढकलायची, आधी डावीकडचा दोर, मग. मग काय, ते तिला आठवत नाही. बोटं हलवून बघते, बोटंही सांगत नाहीत. ती सुतळीकडे पुन्हा एकदा बघते आणि तो नाद सोडून देते.

"सुटली," ती म्हणते.

"उठ मग. तडवी तुला न्यायला आला तर बाहेर खोळंबेल, आत यायचा नाही तो. आणि केस बघ कसे झालेत."

झोपेत वेणी पार मोकळी झाली आहे. कुंदा दोन्ही हात मानेमागे नेते. तीन पेड पडतात, डावा कुठेतरी जातो, उजवा कुठेतरी जातो, मधला कोणता ते ती बघत नाही. टोकाशी आल्यावर ती तीच सुतळी दोनदा फिरवते आणि एक सैल गाठ मारते.

"सुतळीनं?" आई म्हणते.